सेट मोडले आणि कपाट मार्गी लागलं: डोंबिवली ते लोअर परळ करणाऱ्या एका गिऱ्हाइकाची केस

केस अशी. वय 38, राहणार डोंबिवली पूर्व, ऑफिस लोअर परळला. लग्नाआधी आणि नंतरही नोकरी केलेली, पण मुलं लहान म्हणून मधली आठ-नऊ वर्षं घरी, आणि आता एका फायनान्स कंपनीच्या बॅक ऑफिसात पुन्हा लागलेली, सोमवार ते गुरुवार ऑफिस आणि शुक्रवार घरून. ड्रेस कोडच्या मेलमध्ये एकच ओळ, बिझनेस कॅज्युअल, त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावायचा. माझं डोंबिवलीत छोटं बुटीक आहे, शिलाई आणि अल्टर दोन्ही करतो. ती आली तीच पाच ड्रेस मटेरियलची पाकिटं घेऊन, की ताई हे पाच पटकन शिवून द्या, पंधरवड्यात जॉइनिंग आहे, अजून लागेल ते घेऊ, पंधरा हजार बाजूला काढलेत, कारण घालायला काही म्हणजे काही नाहीये. तिला विचारून लिहितेय, नाव अर्थातच देत नाही.

आधी त्या पाकिटांचं गणित बघा. ड्रेस मटेरियलच्या पाकिटात साधारण अडीच मीटर टॉपचं कापड, दोन-अडीच मीटर बॉटमचं आणि सव्वादोन मीटरची ओढणी असते. तिघांचे रंग दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेले असतात आणि एकदा शिवलं की ते तिघं एकमेकांना सोडून कुठेही जात नाहीत. मोरपंखी टॉप, राणी बॉटम आणि दोन्ही रंगांची ओढणी, झालं, आता ह्या राणी बॉटमवर दुसरं काय घालणार? म्हणजे पाच पाकिटांतून पोशाख निघणार पाचच, सहावा नाही, आणि एका बॉटमवर चहा सांडला की त्याचा टॉप आणि ओढणी पण त्याच्याबरोबर घरी बसणार. पाच ड्रेसची शिलाई सोडायची हा धंद्याच्या हिशेबाने वेडेपणाच, पण मी म्हटलं शिवायचं नंतर बघू, घरात जे काय आहे ते सगळं आधी घेऊन ये. ती म्हणे, "अहो ताई, घरचे सगळे जुने झालेत हो." अगं मग जुनेच आण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याच्या स्कूटरवर दोघांच्या मधे चादरीचं हे एवढं गाठोडं.

कटिंगच्या टेबलावर सगळं ओतलं. कुर्ते 23, त्यातले 14 कुठल्या ना कुठल्या सेटमधले. लेगिंग्ज 9, पलाझो 4, जीन्स 2, ओढण्या वीसेक. साड्या तिने आणल्या नव्हत्या, त्यांचे फोटो फोनमध्ये होते. मी अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारते, की आत्ता ह्या क्षणाला धुवायच्या बादलीत काय आहे. कपाटात काय आहे ते सगळ्या सांगतात पण खरं काय वापरलं जातं ते बादलीलाच माहीत असतं. उत्तर आलं, काळी लेगिंग, पांढरी लेगिंग आणि तेच ते चार-पाच कुर्ते. बाकीच्या 7 लेगिंग्ज पोपटी, आंबा, राणी, मोरपंखी अशा, म्हणजे प्रत्येकीचा नवरा ठरलेला. 23 कुर्त्यांचा सगळा संसार दोन लेगिंग्जवर चाललेला होता, आणि लेगिंगवर घालायचं म्हणजे कुर्ता गुडघ्यापर्यंत हवा, कट फार वर गेलेला नको, त्यामुळे आखूड टॉप आपोआप बाद. तिला वाटत होतं वरचे कपडे कमी पडतायत. कमी पडत होतं ते खालचं.

पुरुषांचं बघा ना. तीन पँटी आणि सहा-सात शर्ट, त्यावर वर्षं काढतात आणि रोज बरे दिसतात. त्यांना काही जास्त अक्कल असते असं नाही (माझ्या घरातल्या उदाहरणावरून तर नाहीच), पण त्यांना कुणी शर्टाबरोबर त्याच रंगाची पँट आणि वर मॅचिंग उपरणं पाकिटात घालून विकत नाही. आपल्याला मात्र सेट स्वस्त पडतो असं वाटतं, तीन कपडे हजार रुपयांत, आणि वापरताना तीनाचा एकच होतो. म्हणून ह्या केसमध्ये पहिला निर्णय झाला तो हा, की जेवढे सेट आहेत तेवढे मोडायचे आणि नवीन सेट वर्षभर घ्यायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल हा तर कॅप्सूल वॉर्डरोबच झाला, म्हणजे मोजकेच पण एकमेकांवर चालणारे कपडे ठेवायचे तो. हो आणि नाही. तो शब्द लंडनमध्ये बुटीक चालवणाऱ्या सुझी फो (Susie Faux) ह्या बाईंनी 1970 च्या दशकात रुळवला, आणि मग 1985 ला अमेरिकेत डॉना कॅरनने सात कपड्यांचं कलेक्शन काढलं की हे एकमेकांत फिरवा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत वापरा. कल्पना पक्की आहे. पण तो हिशेब थंड हवेतला आहे, लोकरीच्या जॅकेटचा, जे चार वेळा घालून हँगरला लावलं तरी चालतं. आपल्याकडे डोंबिवलीहून मे महिन्यात फास्ट लोकल पकडून दादरला उतरेपर्यंत कपड्याचा दिवस संपलेला असतो, तो संध्याकाळी बादलीतच जाणार. त्यामुळे किती कपडे हवेत हे फॅशनवर नाही, तुमच्या घरात कपडे कधी धुतले जातात आणि किती वेळात वाळतात ह्यावर ठरतं. हिच्या घरी मशीन एकाआड एक दिवस लागतं, चार दिवस ऑफिस, म्हणजे पँटी तीन पुरतात आणि टॉप आठ-दहा असले की डोक्याला ताप नाही. पाश्चात्त्य याद्यांमधला तो पांढरा शर्ट, बेज ट्रेंच कोट वगैरे आपण सोडून द्यायचं, ट्रेंच कोट घालून करी रोडला कोण उतरणारे.

मग तिचा दिवस कागदावर लिहून काढला. सकाळी डोंबिवलीहून दादर फास्ट, लेडीज डब्यात उभं राहून, सॅक पोटाशी. दादरला स्लो पकडून करी रोड, तिथून चालत. दिवसभर एसी, आणि एसी म्हणजे असा की बायका खुर्चीवर शाली ठेवतात. नवीन रूम एसी 2020 पासून 24 डिग्रीच्या डिफॉल्टवर येतात, पण ऑफिसातला सेंट्रल एसी कुणाच्या हातात असतो ते कुणालाच कळत नाही. संध्याकाळी परत तीच गर्दी, येताना भाजी. ह्यातून कपड्यांच्या अटी निघाल्या. सॅक पोटाशी असते त्यामुळे छातीवर आरसे, मणी, खडे नकोत, ते सॅकच्या चेनमध्ये अडकतात आणि शेजारणीच्या केसात पण अडकतात. सॅक जिथे घासते तिथे हलक्या रेयॉनवर आणि सिंथेटिक मिक्सवर गोळे येतात, म्हणजे कापड बघताना आधी तळव्याने चोळून बघायचं. ओढणी डब्यात धोक्याचीच, घ्यायची तर पिन मारून किंवा सॅकमध्ये ठेवून ऑफिसात काढायची. आणि लिनन नको. लिननवर तिचा फार जीव होता, पांढरी लिननची पँट तिने कुठेतरी फोटोत पाहिली होती. मी म्हटलं बाई गं, लिनन छान असतं, श्वास घेतं, सगळं खरं, पण गाडी मुंब्र्याला येईपर्यंत त्याची घडी घातलेली पोळी होते. ज्यांना गाडीतून एसीत आणि एसीतून गाडीत जायचंय त्यांचं कापड आहे ते.

पँटींवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहणार होतं. रंग तीन ठरवले, नेव्ही, गडद राखाडी आणि बिस्किट. काळा मुद्दाम टाळला. काळ्यावर सगळं चालतं असं म्हणतात पण कॉटनचा काळा धुण्यात विटून चॉकलेटी-करडा होतो, आणि मग नवीन काळ्या कुर्त्याशेजारी तो जुना काळा भिकार दिसतो. नेव्ही आणि राखाडी विटले तरी सभ्यपणे विटतात. कापड घेतलं पॉली-व्हिस्कोस सूटिंग, राजस्थानात भिलवाड्याकडचं जे येतं ते, पुरुषांच्या पँटींचंच. बायका ह्या कापडाकडे बघत पण नाहीत कारण ते शर्ट-पँटपीसच्या दुकानात असतं आणि तिथे आपण नवऱ्याबरोबरच जातो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 58 इंच असतो, त्यामुळे एका पँटला सव्वा मीटरमध्ये भागतं, चुरगळत नाही, रात्री धुतलं तर पंख्याखाली सकाळपर्यंत वाळतं. शुद्ध सुती नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या मला भेटल्यात. उन्हाळ्यात सैल शिवा, काही होत नाही.

शिवताना कंबरेला पुढून सपाट पट्टा आणि मागून इलॅस्टिक, म्हणजे टॉप खोचला तरी पुढून पँट दिसते आणि जेवणानंतर जीव जात नाही. दोन्ही बाजूंना खिसे, आणि खिसा म्हणजे खिसा, अख्खा फोन आत जाईल एवढा, सात इंच खोल. रेडीमेड बायकांच्या पँटीला जे खिसे असतात त्यात बडीशेप ठेवता येईल फार तर. मांडीपासून सरळ कट, पोटरीला चिकटणारा नाही. उंचीचं माप मात्र चपला घालून घेतलं. हे बऱ्याच जणी विसरतात, अनवाणी उभं राहून माप देतात आणि मग हील घातली की पँट वर आणि सपाट चप्पल घातली की जमीन झाडत जाते. तिने रोज काय घालणार ते आधी ठरवायला लावलं, मगच खालची दुमड घातली, आणि आत दीड इंच मार्जिन ठेवलं.

आता कुर्ते. 23 मधून पहिल्यांदा काय काढायचं तर ज्याचा खांदा बसत नाही ते. कंबर, घेर, उंची, बाही सगळं दुरुस्त होतं, पण खांदा उतरलेला असेल तर पूर्ण उसवून नव्याने कापावं लागतं आणि तेवढ्या पैशात नवीन होतो. असे आणि विरलेले मिळून 4 निघाले, ते बोहारणीला. (आमच्याकडे अजून येते बोहारीण, एका स्टीलच्या डब्यासाठी सहा कपडे मागते आणि घासाघीस केली की चारावर येते.) 3 इतके जरीचे की ते सणावारी ठीक. 5 जसेच्या तसे चांगले. राहिले 11, आणि खरं काम ह्या अकरावर झालं.

त्यातले बहुतेक 44 ते 46 इंच उंचीचे होते, लेगिंगसाठी घेतलेले. सरळ पँटवर इतका लांब कुर्ता घातला की माणूस बुटका दिसतो आणि नाईटड्रेससारखं काहीतरी होतं. तिची उंची पाच फूट एक इंच. तिच्यासाठी 36 ते 38 इंच बरोबर बसत होतं, गुडघ्याच्या आसपास, तेवढे कापले. कापलेला आठ इंचाचा घेर फेकला नाही. चार कुर्ते तिला दंडात आणि बगलेत घट्ट होत होते, त्यात त्याच कापडाचा चौकोनी तुकडा बगलेत घातला, बाहेरून कळत पण नाही आणि गाडीत वरची कडी पकडली तरी शिवण ताणत नाही. शिवून घेतलेल्या कपड्यात आत मार्जिन सोडलेलं असतं ते उसवून सैल करता येतं, रेडीमेडमध्ये ओव्हरलॉकच्या आत काही म्हणजे काही नसतं, तिथे हाच उपाय. दोन बिनबाह्यांचे कुर्ते तिने कधी घातलेच नव्हते, उलटे करून बघितलं तर आत बाह्या टाचलेल्या! रेडीमेड कुर्त्यात असतात त्या, बऱ्याच जणींना माहीत नसतं, त्या काढून लावल्या. एका अनारकलीचा घेर काढून त्याचा सरळ टॉप केला, त्याला थोडा जास्त वेळ गेला पण इंडिगोचं ब्लॉक प्रिंट फार सुंदर होतं, कचऱ्यात घालवलं नसतं.

इंडिगोवरून आठवलं. गडद इंडिगो, अजरख, मरून कलमकारी असले कपडे बिस्किट पँटवर घालायच्या आधी ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूने घासून बघा. रुमालाला रंग आला तर घामाने पँटला पण येणार. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हे घराघरात करतात, पण रंगलेल्या कापडाचा सुटा रंग मिठाने बसत नाही. दोन-तीन वेळा वेगळं धुवून तो जाऊ द्यायचा एवढाच उपाय.

रंगाच्या बाबतीत मी फार शास्त्र केलं नाही. स्किन टोन, सीझन, वॉर्म कूल वगैरे सांगणाऱ्यांचं सांगणाऱ्यांना लखलाभ. एकच नियम, प्रत्येक टॉप तीनपैकी किमान दोन पँटींवर चालला पाहिजे, आणि चालतो का ते दुकानाच्या आत नाही, दाराबाहेर उजेडात बघायचं. ती पँट धरून उभी, मी कुर्ते लावतेय, तिची मुलगी फोटो काढतेय, असं आमचं चाललेलं. आश्चर्य म्हणजे पोपटी आणि आंबा रंगाचे कुर्ते, जे ती ऑफिसला भडक होतील म्हणून बाजूला ठेवत होती, ते राखाडी आणि नेव्ही पँटवर एकदम शहाणे दिसायला लागले. भडकपणा त्या कुर्त्याचा नव्हताच, त्याच रंगाची लेगिंग आणि त्याच रंगाची ओढणी मिळून तो झाला होता. सगळं करून 16 मधले 13 नियमात बसले, 3 फक्त एका पँटवर चालतात, असू देत.

आणि ती पाच पाकिटं? दादरला हिंदमाताच्या दुकानात बदलून मिळणार नाहीत असं सांगितलेलं होतं. दोघांचे टॉप शिवले, एक स्टँड कॉलरचा पुढून बटनपट्टीवाला आणि एक साधा चौकोनी गळ्याचा, दोन्ही आखूड. त्यांच्या बॉटमचं सुती कापड अस्तराला वापरलं. तीन पाकिटं तिने लग्नाच्या देण्याघेण्यासाठी ठेवून दिली, आपल्याकडे त्यांची खरी जागा तीच.

ब्लेझरवर आमचा चांगलाच वाद झाला. तिच्या टीममधल्या एकीने सांगितलं की क्लायंट कॉलला ब्लेझर हवाच. माझं म्हणणं, पूर्ण अस्तराचा, खांद्यात पॅड घातलेला ब्लेझर मुंबईत घालून चालणं ही शिक्षा आहे, आणि स्वस्तातला घेतला तर खांद्यावर तो भाड्याने आणल्यासारखा दिसतो, चांगला शिवायचा तर तिचं अर्धं बजेट त्यातच जातं. मधला मार्ग काढला. राखाडी-मरून पोचमपल्ली इकतचं बिनअस्तराचं जॅकेट, कमरेच्या खाली चार इंच, आतल्या सगळ्या शिवणींना पट्टी मारलेली कारण इकतचे धागे सुटतात आणि जॅकेट खुर्चीवर उलटं पडलं तरी आतून नीट दिसलं पाहिजे. ते ऑफिसातच राहतं, खुर्चीच्या पाठीवर. एसीत उपयोग, कॉलला उपयोग, आणि गाडीत न्यायचं नाही.

साड्यांचा प्रश्न तिनेच काढला, की ऑफिसात चालतील का. का नाही चालणार? अरुंधती भट्टाचार्य 2013 ला स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, त्या साडीतच दिसायच्या, आणि त्यांच्यासमोर बसणाऱ्या सूटवाल्यांना त्यांच्या अधिकाराबद्दल काही शंका आली असेल असं वाटत नाही. हिच्या फोटोंमध्ये आईच्या दोन मंगलगिरी आणि एक माहेश्वरी होती. तिन्ही हलक्या, चापूनचोपून बसतात, आणि काठ एवढे साधे की समारंभाला निघालोय असं वाटत नाही. अडचण ब्लाऊजची होती, जुने होत नव्हते आणि प्रत्येक साडीला मॅचिंग ब्लाऊज म्हणजे परत सेटचंच दुखणं. एकच काळा ब्लाऊज शिवला, बंद गळा, कोपरापर्यंत बाही, तो तिन्हींवर जातो (ब्लाऊज अस्तराचा असतो आणि रोज धुतला जात नाही, म्हणून इथे काळा चालतो). महिन्यातून दोन-तीनदा ती साडी नेसते, ज्या दिवशी मोठी मीटिंग असते त्या दिवशी, आणि ती सकाळची उशिराची गाडी पकडते, एवढं पथ्य.

चपलांचं थोडक्यात. तिच्याकडे एक हील आणि एक चांगली कोल्हापुरी होती. कोल्हापुरीला 2019 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, परदेशी ब्रँडनी उचलली, सगळं कौतुक आहेच, पण चामडं पावसात भिजलं की संपलं. ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. गाडीसाठी बंद, सपाट, धुता येणारे बूट काळ्याऐवजी टॅन रंगाचे घेतले, कारण तिन्ही पँटींवर जातात.

खर्च असा झाला. तीन पँटींचं कापड आणि शिलाई 3075. अकरा कुर्त्यांचं अल्टर 1480. दोन टॉपची शिलाई 1000. जॅकेट कापडासकट 1670. ब्लाऊज 680. बूट 1400. एकूण 9305, म्हणजे पंधरातले साडेपाच हजारांच्या वर उरले, आणि ते मी तिला मुद्दाम जूनपर्यंत खर्च करू दिले नाहीत. टॉप आणि पँट मिळून तीसच्या वर जोड्या होतात असं तिच्या मुलीने मोजून सांगितलं. मला असल्या आकड्यांचं फार कौतुक नाही, प्रत्यक्षात ती दहा-बाराच जोड्या फिरवते. पण आधी रात्री साडेअकराला कपाट उघडून उभी राहायची, आता आंघोळीला जाताना हाताला येईल ते काढते, एवढा फरक पडला.

पावसाने काही गोष्टी बदलायला लावल्या. बिस्किट पँट जूनच्या पहिल्या आठवड्यातच घरी बसली, करी रोडचा जिना आणि बाहेरचा चिखल ह्यात तो रंग टिकणं शक्य नव्हतं, ती आता ऑक्टोबर ते मे. तिच्या जागी बॉटल ग्रीन आली, घोट्याच्या दोन इंच वर संपणारी. रेयॉनचे कुर्ते पण मागे पडले, ते ओले झाले की जड होऊन लोंबतात आणि हॉलमध्ये दोरीवर दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो तो वेगळाच. मलमल आणि पातळ कॉटन मात्र पंख्याखाली वाळलं. आणि सासूबाईंनी दिलेले दोन क्रेपचे कुर्ते, ज्यांना ती आणि मी दोघीही नाकं मुरडत होतो, ते पावसात सगळ्यात जास्त वापरले गेले, भिजले तर दादरपर्यंत वाळतात, इस्त्री लागत नाही. सासूबाई हे ऐकवायची एकही संधी सोडत नाहीत म्हणे.

दिवाळीत तिने एक सेट घेतलाच. नियम मोडला म्हणून माझ्याकडे तोंड लपवत आली, पण त्याची पँट राखाडी होती आणि तिच्या पाच कुर्त्यांवर जात होती, मग मी काय बोलणार.

ही केस सगळ्यांना लागू होत नाही हे पण सांगते, कारण तिच्या गाडीच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणी नंतर गाठोडी घेऊन आल्या. हॉस्पिटलमध्ये असणारीला युनिफॉर्म असतो, तिला फक्त येण्याजाण्याचे कपडे लागतात, तिला मी दोन पँटींच्या वर काही शिवूच दिलं नाही. घरूनच काम करणारीला कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसायचं असतं, तिचं सगळं बजेट गळ्यांवर आणि कॉलरवर. एक शाळेत शिकवणारी आली. शिक्षण विभागाच्या मार्च 2024 च्या सूचनेत शिक्षिकांना साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा चालतो, जीन्स-टीशर्ट नको असं आहे, पण हिच्या शाळेत साडीच लागते. तिथे पँटींच्या जागी परकर आले. तिच्याकडे साड्या चाळीस आणि धड परकर दोन, त्यातल्या एकाची नाडी तुटलेली. खडूची भुकटी गडद साडीवर दिसते, फळ्यावर हात वर केला की ब्लाऊज वर सरकतो, दिवसभर उभं राहून निऱ्या सुटतात. तिला आधी चार परकर शिवले, सुती, खालून थोडा घेर देऊन म्हणजे वर्गात झपाझप चालता येतं, आणि ब्लाऊजची उंची दीड इंचाने वाढवली. साडी मात्र एकही नवीन घेतली नाही.